गोदामाचं सॉफ्टवेअर घेऊया, पण आधी दारातली नोंद सुधारूया



गेल्या सिझनला कोल्ड रूमच्या दारात झालेला वाद बऱ्याच जणांना आठवत असेल. ट्रॉलरमालकाच्या चिठ्ठीवर बांगड्याचे ४० क्रेट, आमच्या वहीत ३७. तीन क्रेट कुठे गेले ते शेवटपर्यंत कळलं नाही. भरपाई सोसायटीने दिली, म्हणजे तुम्ही सगळ्यांनीच दिली. त्याच महिन्यात जुनी माणकी मागच्या रांगेत पडून राहिली आणि नवी आधी बाहेर गेली. दोन्ही चुका आमच्या, हे आधीच कबूल करतो.

तेव्हापासून सॉफ्टवेअरवाले येऊ लागलेत. प्रत्येकजण म्हणतो, आमचंच घ्या. आम्ही बसून पाहिलं, ते असं.

टॅली आपल्या हिशेबनिसाला येतं. त्यात वेगवेगळी गोदामं, बॅच आणि मुदतीची तारीख ठेवता येते. आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, त्यामुळे जेटीवर नेट गेलं तरी काम अडत नाही. झोहो इन्व्हेंटरी नेटवर चालतं, मोबाइलवरून कुठूनही दिसतं. पण दर महिन्याचे पैसे आणि चांगलं नेट, दोन्ही हवं. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या कंपनीने बनवलेलं, मुक्त परवान्याचं. लायसन्सचे पैसे नाहीत, पण बसवणारा आणि सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही. सॅपसारख्या मोठ्या सिस्टिम मोठ्या कंपन्यांसाठी. आपल्या दोन खोल्यांना ते म्हणजे होडीला जहाजाचं इंजिन.

आणि ऑटोमेशन? ॲमेझॉनने २०१२ साली किवा ही रोबोट बनवणारी कंपनी ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली. तिथे माणूस रॅककडे जात नाही, रॅकच माणसाकडे येतो. बघायला छान. पण आपलं नुकसान चालण्यात होत नाही, दारात होतं. पहाटे चार ट्रॉलर एकदम लागतात, लाइट कमी, हात ओले, आणि नोंद नंतर आठवून केली जाते. चुकीचा आकडा महागड्या सिस्टिममध्ये टाकला तरी तो चुकीचाच राहणार.

म्हणून आमचं मत असं. यंदा टॅलीतच गोदाम आणि बॅचची नोंद सुरू करावी. प्रत्येक क्रेटला पक्का नंबर घालावा. कागदी स्टिकर बर्फाच्या पाण्यात टिकत नाही, प्लास्टिकचा टॅग हवा. माल उतरला की तिथेच मोजणी, तिथेच वजन, आणि मालकाची किंवा तांडेलाची सही. बाहेर जाताना आधी आलेला माल आधी. एक सिझन हे जमलं, तर पुढच्या वर्षी मोठ्या सॉफ्टवेअरचा विचार करू.

तेव्हाही विकणाऱ्याला चार प्रश्न विचारू. नेट नसताना नोंद होते का? एक क्रेट २८ किलोचा, दुसरा ३२ किलोचा, तर नग आणि वजन दोन्ही धरतं का? मराठीत दिसतं का? उद्या सोडलं तर आमची सगळी माहिती आम्हाला परत मिळते का? शेवटच्या प्रश्नाला जो आढेवेढे घेईल, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

वही सांभाळणाऱ्या आमच्या दोघी ताई विचारत होत्या, "मग आमचं काय?" त्यांचं काम जाणार नाही, अशी आमची भूमिका आहे. कुठल्या होडीचा माल कसा येतो हे त्यांना जेवढं कळतं तेवढं कुठल्या मशीनला कळणार? पहिलं शिक्षण त्यांनाच द्यायचं.

१ जून ते ३१ जुलै बंदी असते, होड्या किनाऱ्याला असतात. हीच वेळ टॅग लावायची आणि शिकायची. आमसभेत हा विषय ठेवतो आहोत. पटत नसेल तर तिथे उभे राहून सांगा. पैसा तुमचा, मालही तुमचा.