पाट्या वर करा!

शनिवारची सकाळची शाळा. चौथीच्या वर्गात गणिताची प्रश्नमंजूषा रंगली आहे. फळ्यावर रायगड, प्रतापगड आणि सिंहगड अशा तीन गटांचे रकाने आखले आहेत. बाई विचारतात, ‘सात आठे?’ प्रश्न संपायच्या आत दोन मुलं ‘छप्पन्न!’ म्हणून ओरडतात. प्रतापगडाला दहा गुण मिळतात, टाळ्या पडतात आणि पुढचा प्रश्न येतो. अर्ध्या तासात तीस प्रश्न होतात, वर्ग खूश असतो. मग शेरा पडतो : उजळणी झाली.

झाली, पण कोणाची? नीट पाहिलं तर तिसांपैकी पंचवीस उत्तरं त्याच चार-पाच मुलांनी दिलेली असतात, आणि त्यांना पाढे आधीपासूनच येत होते. मागच्या बाकावरची मुलं आपल्या गडासाठी मनापासून ओरडली, पण त्यांनी एकही आकडेमोड केली नाही. करायची गरजच पडली नाही. ज्यांना उजळणी हवी होती ते प्रेक्षक झाले आणि ज्यांना नको होती त्यांनी सामना खेळला. वर्गात खेळ आणला म्हणजे गणित आपोआप सोपं होतं, या समजुतीवर आता जरा कठोर बोलायला हवं.

ग्रामीण भारतातल्या मुलांचं गणित नेमकं कुठे आहे, हे ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालातून दिसतं. 2024च्या पाहणीत तिसरीतल्या जेमतेम 33.7 टक्के मुलांना दोन अंकी, हातच्याची वजाबाकी जमली. पाचवीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणारी मुलं 30.7 टक्के निघाली. या पाहणीची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. स्वयंसेवक घरी जातो, एकेका मुलाला समोर बसवतो आणि उदाहरण सोडवायला देतो. तिथे शेजारच्याच्या आवाजात आवाज मिसळता येत नाही. वर्गातल्या आरडाओरड्यात ते सहज जमतं, म्हणून तिथे सगळ्यांनाच सगळं येत असल्याचा भास होतो.

याचा अर्थ प्रश्नमंजूषा वाईट, असा कोणी काढू नये. उलट उजळणीसाठी तिच्याइतकं चांगलं साधन शोधूनही सापडणार नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र पारडं फिरलं. आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात 56 टक्के मजकूर राहिला होता, वाचणाऱ्यांच्या 42 टक्के. प्रयोग महाविद्यालयीन मुलांवरचा होता आणि उताऱ्यांचा होता, हे खरं. पण डोक्याला ताण देऊन आठवलेलं टिकतं, हा निष्कर्ष त्यानंतर शाळकरी मुलांच्या बाबतीतही आला आहे. अट एकच : आठवण्याचं काम प्रत्येक डोक्याने करायला हवं. दोघांनी आठवायचं आणि अठ्ठावीस जणांनी टाळ्या वाजवायच्या, यात ती अट पाळली जात नाही.

उपाय जुनाच आहे. प्रत्येक मुलाच्या हातात पाटी. बाई प्रश्न सांगतात आणि सगळे गप्प राहून लिहितात. अर्ध्या-पाऊण मिनिटाने ‘पाट्या वर!’ असं म्हटलं की तीस उत्तरं एकदम समोर येतात. कोण बरोबर, कोण चूक, कोणी शेजारच्याचं बघून खोडलं, सगळं एका नजरेत कळतं.

आणि खरी मौज चुकलेल्या उत्तरांत असते. 72 वजा 38 हे उदाहरण घ्या. उत्तर 34. पण पाट्यांवर 46 दिसेल, 44 दिसेल, एखादीवर 110 सुद्धा असेल. ज्याने 46 लिहिलं त्याला दोनातून आठ जात नाहीत हे कळलं, म्हणून त्याने गुपचूप आठातून दोन वजा केले. 44 लिहिणाऱ्या मुलीला हातचा घेणं येतं, पण हातचा दिल्यावर सातचे सहा झाले हे ती विसरली. 110वाल्याने चिन्हच पाहिलं नाही. तिघांच्याही पाट्यांवर चूकच, पण तिघांना लागणारं औषध वेगळं. पहिल्यासमोर काड्यांचे गठ्ठे ठेवून दशक सुटा करून दाखवावा लागेल, दुसरीला थोडा सराव पुरेल, तिसऱ्याला ‘अरे बाळा, चिन्ह बघ’ एवढंच सांगायचं. ‘चूक! पुढचा गट!’ म्हणणाऱ्या प्रश्नमंजूषेत हे तिघंही सारखेच हरतात. प्रश्नांना पर्याय द्यायचे झाले तर तेही असेच निवडावेत. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ओळखीची चूक असली की मुलाचं बोट कुठे पडलं यावरून शिक्षकाला पुढचा धडा कळतो.

मराठी माध्यमात तर आणखी एक प्रश्न हमखास विचारावा. बाईंनी ‘एकोणसाठ’ म्हणायचं आणि मुलांनी अंकांत लिहायचं. किती पाट्यांवर 59 येतं आणि कितींवर 69, ते पाहावं. मुलाच्या कानाने ‘साठ’ तेवढं पकडलेलं असतं, मग साठाच्या घरात नऊ बसवून ते मोकळं होतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा वाद थेट विधिमंडळात गाजला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने लहान मुलं अडखळतात. विरोधकांना त्यात मराठीची हानी दिसली. कोणाचीही बाजू घ्या, पण आपल्या वर्गातली किती मुलं अडखळतात हे पाटीवर दोन मिनिटांत कळतं. त्यासाठी विधिमंडळाची गरज नाही.

आता मोबाइलवरच्या खेळांबद्दल. नॉर्वेत जन्मलेला ‘कहूत’ 2013 पासून जगभरच्या वर्गांत पोहोचला. त्याची नेहमीची रीत अशी की बरोबर उत्तर जितकं लवकर, तितके गुण जास्त. राजधान्यांची नावं विचारायला हे ठीक, पण हातच्याची वजाबाकी करणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला घड्याळ दाखवणं म्हणजे अंदाजपंचे बोट दाबायला शिकवणं. बेंगळुरूमध्ये 2015 साली ‘क्विझिझ’ या नावाने सुरू झालेल्या खेळात प्रत्येकाला आपापल्या गतीने जाता येतं, हे बरं. पण त्यासाठी प्रत्येकाकडे उपकरण लागतं, आणि जिल्हा परिषदेच्या बहुतेक वर्गांत फोन एकच असतो, तोही गुरुजींचा. ‘प्लिकर्स’ हा मधला मार्ग. मुलं छापील कार्ड आडवं-उभं धरून पर्याय सांगतात आणि शिक्षकाचा फोन सगळ्या कार्डांवरून एकदा फिरतो. जिथे जमेल तिथे जरूर वापरावं. मात्र कार्डावर आकडेमोड दिसत नाही, पाटीवर दिसते.

खेळात गणित किती आहे, हेही तपासायला हवं. संशोधक एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतल्या ‘प्रथम’च्या 214 बालवाड्यांत दीड हजारांवर मुलांबरोबर एक प्रयोग केला. 2017 मध्ये तो ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. ठिपक्यांचे समूह आणि आकार यांचे खेळ खेळलेल्या मुलांची संख्यांची आणि आकारांची जाण सुधारली, आणि ती वर्षभरानंतरही टिकून होती. पण पहिलीच्या गणितात त्यांना त्याचा फायदा झाला नाही. खेळात अंक आणि चिन्हं आलीच नव्हती, तर वहीवर ती कुठून उतरणार? 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी चौदाशेहून अधिक मुलं त्यात होती. ही मुलं गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी चोख करत होती, पण शाळेच्या रीतीने मांडलेल्या साध्या भागाकारापाशी अडकत होती. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचं बरोबर उलट झालं.

म्हणून प्रश्न जोडीने विचारावेत. ‘कांदे तीस रुपये किलो. अडीच किलो घेतले, शंभराची नोट दिली. परत किती?’ पाट्या वर. लगेच दुसरा : ‘हेच गणित मांडून दाखवा.’ पहिल्याला 25 लिहिणारी काही मुलं दुसऱ्याला पाटी कोरी ठेवतील. काहींची मांडणी सुरेख असेल, पण कांद्याच्या हिशोबात ती गडबडली असतील. अशा दोघांना शेजारी बसवावं.

शिक्षकांची तक्रार ठाऊक आहे. अभ्यासक्रम संपवायचा, माहित्या भरायच्या, सर्वेक्षणांना जायचं, त्यात एकेक चूक कधी उलगडत बसायची? तक्रार खोटी नाही. पण तीस प्रश्नांऐवजी आठच विचारले तर वेळ तेवढाच लागतो. शिष्यवृत्ती परीक्षेत वेग लागतो, हेही खरं. तो पाढ्यांच्या सरावातून यावा, आणि शर्यत लावायचीच तर मुलाची त्याच्या गेल्या आठवड्याशी लावावी. गटांची नावं, घोषणा, टाळ्या खुशाल राहू द्याव्यात, मुलांना त्या हव्याच असतात. फक्त पूर्ण गटाच्या पाट्या बरोबर आल्यावरच गुण द्यावेत. मग हुशार मुलगा स्वतः ओरडण्याऐवजी शेजारणीला ‘अगं, सातचे सहा कर’ असं समजावू लागतो.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत प्रोजेक्टरचा विषय निघेल तेव्हा पालकांनी एक साधी मागणी करावी : आधी प्रत्येक वर्गाला पुरतील एवढ्या पाट्या आणि पेन्सिली घ्या.