बशीत न वाढणारा जंतू

नागपूरहून चंद्रपूरला जाताना वरोरा लागतं. तिथलं आनंदवन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. बाबा आमटे १९४९ साली कुष्ठरोगाचा अभ्यास करायला कलकत्त्याला गेले, तेव्हा ह्या रोगाचा जंतू प्रयोगशाळेत काही केल्या वाढत नव्हता. बाबांनी प्रयोगासाठी स्वतःचं शरीर देऊ केलं! तोही प्रयोग फसला.

आता सांगा, जो जंतू काचेच्या बशीत वाढतच नाही, त्याच्यावरचं औषध पारखायचं कसं? एरवी रसायनशास्त्रज्ञ एक पदार्थ बनवतात, जंतूंवर टाकून बघतात, मग त्याच्या रेणूत थोडा बदल करून पुन्हा बघतात. असं शेकडो वेळा. इथं ती सोयच नव्हती. म्हणून दुसऱ्या रोगांच्या औषधांवर नजर ठेवावी लागली.

डॅप्सोन जर्मनीत १९०८ सालीच तयार झालं होतं. ते जंतूंवर चालतं हे कळायला मात्र १९३७ उजाडलं! त्याची करामत ऐका. फॉलिक आम्ल आपल्याला पालक-मेथीतून मिळतं. जंतूला ते घरीच बनवावं लागतं. त्याला लागणाऱ्या कच्च्या मालासारखाच डॅप्सोनचा रेणू दिसतो. सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो ना? तसाच हा! जंतू फसतो, तोतयाला आत घेतो अन् त्याचं कामच अडतं.

पुढे काही जंतू डॅप्सोनला जुमानेनासे झाले. जोडीला दुसरं औषध हवं होतं.

डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी आणि त्यांचे सहकारी क्षयावर औषध शोधत होते. सुरुवात कशापासून, तर दगडफुलाच्या जातीतल्या एका जीवातल्या पदार्थापासून. हो, आपल्या मसाल्यातलं दगडफूल त्याच प्रकारातलं, बरं का! बदल करत करत १९५४ च्या सुमारास 'बी ६६३' हा लाल पदार्थ हाती आला. उंदरांच्या क्षयावर तो छान चालला, पण इतर काही प्राण्यांत त्याची डाळ शिजेना. तेवढ्यात १९६० साली अमेरिकेत शेपर्ड यांना कुष्ठरोगाचा जंतू उंदराच्या तळपायात वाढवता आला. पारखायची सोय झाली! नायजेरियातल्या रुग्णांना १९६२ मध्ये 'बी ६६३' चा गुण आला. तेच क्लोफाझिमिन.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली डॅप्सोन, क्लोफाझिमिन आणि रिफॅम्पिसिन एकत्र द्यायला सांगितलं. सरकारी दवाखान्यात ह्या गोळ्या फुकट मिळतात. त्या घेणाऱ्यांच्या कातडीवर कधी तांबूस-काळसर झाक दिसते. ती रोगाची नव्हे, त्या लाल औषधाची. गोळ्या संपल्या की हळूहळू जाते.