रोवना होऊ द्या, मंग लिवतो

मैत्रिणींनो,

या अंकासाठी लेख मागितले, तेव्हा सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर एकच होतं : “रोवना होऊ द्या ताई, मंग लिवतो.” भंडारा जिल्ह्यात पावसाळ्यात बाई बांधीत वाकलेली असते. रोवणी संपली की निंदण, मग कापणी, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. घरी विड्यांचं सूप मांडीवर असतंच. मग ते “मंग” कधी उगवायचं?

दिवाळी अंकांत नामवंत लेखकांच्या दिनचर्या आपण आवडीनं वाचतो. पहाटे फिरायला जाणं, ठरलेलं टेबल, दुपारचं वाचन, मधूनमधून चहा. सवयी चांगल्याच आहेत, त्यांनी लेखणीला बळ मिळतं हेही खरं. पण तो चहा कोणी केला, हे मुलाखतीत नसतं. 1929 साली इंग्लंडात व्हर्जिनिया वुल्फनं लिहिलं, की बाईला लिहायचं तर स्वतःची खोली हवी आणि वर्षाला पाचशे पौंडांची मिळकत हवी. आपल्याकडे खोली दूर राहिली, वेळच नाही. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरातली बिनमोलाची कामं करणाऱ्या बाईचा त्यात रोज सरासरी 299 मिनिटं वेळ जातो, असं दिसलं. अशी कामं करणाऱ्या पुरुषाची 97 मिनिटं जातात. लिहिण्याची सवय कुठून लागायची, याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

तरीही बायांनी रचलं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातली आणि शेतातली कामं करता करता त्या गाणी रचत. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ यांनी ती टिपून ठेवली. बहिणाबाई 1951 साली गेल्या आणि पुस्तक निघालं 1952 साली. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसायच्या आणि पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या. तिथंच त्या लिहू लागल्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. ‘जिणं आमुचं’ 1986 साली पुस्तकरूपानं आलं. हेमा रायरकर आणि गी पॉयटवँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या.

हे वाचून कोणी म्हणेल, “बघा, कष्टातूनच कविता येते!” असं म्हणणं सोयीचं आहे, पण मला ते मान्य नाही. कष्टानं पाठ मोडते, कविता येतेच असं नाही. बहिणाबाईंची गाणी उरली, कारण घरात टिपून घेणारं कोणी होतं. जिच्या घरात तसं कोणी नव्हतं, तिचं काय झालं? ती गेली, तिच्याबरोबर तिची गाणीही गेली. जातं गेलं, गिरणी आली. मनगटाचा त्रास वाचला हे बरंच झालं, पण ओवी म्हणायची जागाही गेली.

म्हणून सवयींबद्दल बोलायचं तर मी आपल्या बायांच्या सवयींबद्दल बोलेन. ओळीत उभं राहून रोवताना एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, ही सवय. विड्या वळताना हजाराचा हिशेब बोटांवर आणि गोष्ट तोंडात, ही सवय. यात कान तयार होतो, शब्द तयार होतो. कमी आहे ती फक्त कागदाची. पोराच्या जुन्या वहीची कोरी पानं चालतील. मोबाइलमध्ये बोलून ठेवलं तरी चालेल. दिवसाला दोनच ओळी, पण रोज.

आणि भाषेची लाज नको. आपल्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘र’ होतो. शाळेत त्यावर लाल रेघ मारली जाते आणि मुलगी लिहायचीच थांबते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला. तिच्यात व्याकरण आहे, साहित्य आहे, हे दाखवून दिलं. मग आपण का बिचकायचं?

पुढच्या अंकापासून चार पानं आम्ही यासाठीच राखून ठेवत आहोत. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, आमच्यातली एखादी येऊन उतरवून घेईल. बोली बदलणार नाही. लिहिलेलं तिला वाचून दाखवू आणि ती हो म्हणाली तरच छापू. नाव द्यायचं की नाही, हेही तीच ठरवेल.

घरातल्यांनाही एक सांगणं आहे. संध्याकाळचा एक तास चूल तुम्ही सांभाळा. भाजी थोडी खारट झाली तरी कोणी उपाशी मरत नाही.

रोवणी तर दर वर्षी येणार. तोवर थांबू नका. वाट पाहते आहे.

तुमची,
संपादक