वडाळ्यात घर घेताय? आधी रस्त्यावर उतरा

वडाळ्यात घर बघायला गेलात की विक्री कार्यालयातली पहिली थाप अंतराची असते. ‘दादर पाच मिनिटं, बीकेसी दहा मिनिटं.’ कुठल्या वेळेला? पहाटे चारला, रस्ते मोकळे असताना? वडाळा रोड स्टेशनातून दादरला एकही लोकल जात नाही, कारण हार्बर मार्ग दादरला शिवतच नाही. सकाळी साडेनऊला दादर गाठायचं तर बस, टॅक्सी नाहीतर पायपीट. दादर जवळ आहे हे खरं, पण नकाशातलं जवळ आणि रोजच्या जाण्या-येण्यातलं जवळ यांत तासाभराचा फरक पडू शकतो. हा फरक गिऱ्हाइकापासून लपवणं ही शुद्ध फसवणूक आहे.

दुसरी थाप नावाची. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळच्या टॉवरांना कफ परेडचं नाव चिकटवून विकलं गेलं. कफ परेड तिथून दहा किलोमीटरपेक्षा जास्त दूर आहे. वडाळा हे नावही तसंच वापरलं जातं. पाच उद्यानांजवळचा, ४०००३१ पिनचा वडाळा वेगळा आणि भक्ती पार्क-अँटॉप हिलकडचा, ४०००३७ पिनचा वडाळा वेगळा. एकाची सावली दाखवून दुसऱ्याचा भाव लावायचा, हा धंदा वर्षानुवर्षं राजरोस चालू आहे.

हा फरक आला कुठून ते समजून घ्या. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा आणि वडाळ्याचा पश्चिम भाग त्याच्या योजनांतून उभा राहिला. आधी रस्ते, गटारं, बागा आखल्या, मग इमारतींना भूखंड दिले. म्हणून शंभर वर्षांनंतरही तिथे झाडाखालून चालता येतं. पूर्वेकडे मात्र मिठागरं होती. १ जून १९३० ला याच वडाळ्याच्या मिठागरांवर सुमारे १५,००० लोक सत्याग्रहासाठी धावून गेले होते. मिठागर म्हणजे भरतीचं पाणी आत घेण्यासाठी राखलेली सखल जमीन. अशा पट्ट्यात टॉवर आधी उभे करायचे आणि रस्त्या-गटारांचं नंतर बघू म्हणायचं, याला नियोजन म्हणत नाहीत.

गेल्या जुलैत भाच्याबरोबर वडाळा पूर्वेला एक घर बघायला गेलो. तो सॅम्पल फ्लॅटमधल्या ओट्यावर हात फिरवत होता. त्याला तसाच खाली रस्त्यावर आणला. समोरच्या किराणा दुकानाच्या दारात गुडघाभर उंचीचा सिमेंटचा कट्टा बांधलेला. कोल्ड्रिंकचा फ्रीज विटांच्या तीन थरांवर चढवलेला. विजेचा मीटर डोक्याच्याही वर. ‘पाणी कुठवर येतं?’ असं विचारल्यावर दुकानदाराने शटरवरच्या तपकिरी रेषेवर बोट ठेवलं. विक्री कार्यालय तिथून हाकेच्या अंतरावर. तिथे हाच प्रश्न विचारला, तर उत्तर आलं, ‘सर, आपलं पोडियम उंच आहे.’ पोडियम उंच आहे म्हणजे तुमची गाडी कोरडी राहील. पण शाळेतून येणारं पोर, रात्री बोलावलेली रुग्णवाहिका, धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी, हे सगळे त्या रस्त्यानेच येणार ना?

तिसरी थाप ‘येणार आहे’ची, आणि सगळ्यात महाग पडते ती हीच. मोनोरेलचा चेंबूर ते वडाळा टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला आणि पुढचा टप्पा संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोचायला मार्च २०१९ उजाडला. मधे २०१७ साली डब्यांना आग लागली आणि गाडी कित्येक महिने बंद राहिली. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात ती मैसूर कॉलनीजवळ अडकली आणि शेकडो प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवलं. २० सप्टेंबर २०२५ पासून सेवाच थांबवली. मेट्रो ४ चं, म्हणजे वडाळा-कासारवडवली मार्गाचं, भूमिपूजन डिसेंबर २०१६ मधलं. २०२५ साली तिची चाचणी झाली ती ठाण्याच्या टोकाला, वडाळ्याला नव्हे. या दोन गाड्यांच्या नावावर घरं विकली गेली. ज्यांनी ती घेतली, त्यांनी न धावणाऱ्या गाडीचं तिकीट हप्त्यांतून भरलं.

शेजारही बघा. २५ जून २०१८ ला वडाळ्यातल्याच लॉईड्स इस्टेटमध्ये, शेजारच्या प्लॉटवर बांधकामासाठी खणलेल्या खड्ड्याकडची जमीन खचली आणि पार्क केलेल्या गाड्या खाली गेल्या. त्या रहिवाशांची काय चूक होती? बाजूचा मोकळा प्लॉट आज हवा देतो, उद्या तिथे काय खणलं जाणार हे विकास आराखड्यात आजच बघता येतं. खाडीपलीकडे माहुल आहे, तिथे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. तिथल्या हवेमुळे प्रकल्पग्रस्तांना माहुलच्या वसाहतीत राहायला भाग पाडू नये, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घेतली होती. वारा खाडीपाशी येऊन थांबत नाही.

आणि आपण खरेदीदार काय करतो? दरवाजा पूर्वेला आहे का ते विचारतो. देवघराची दिशा बघतो. क्लबहाऊसमधल्या पोहण्याच्या तलावाचे फोटो नातेवाइकांना पाठवतो. पीएफ मोडून, आईचे दागिने विकून, वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन घेतलेल्या घराची गल्ली आपण पावसात एकदाही बघत नाही. बिल्डरला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून त्याच्या माहितीपत्रकात रस्ता नेहमी कोरडा आणि रिकामा असतो. या आंधळेपणाची मला चीड येते, कारण त्याची किंमत पुढची पिढी फेडते.

१ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या प्रत्येक जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, क्यूआर कोड सक्तीचा झाला. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणी आणि परवानग्यांची माहिती मिळते. समोरच्या रस्त्यावर किती पाणी साचतं, तेलाचे कारखाने किती अंतरावर आहेत, आज चालू असलेलं जवळचं स्टेशन पायी किती लांब आहे, हेही जाहिरातीत ठळक छापायला लावा. महारेराने हा नियम करावा आणि जी मेट्रो धावत नाही तिचं नाव जाहिरातीत घालायला सरळ बंदी करावी.

तोवर तुम्ही एवढं करा. पालिकेचं भरतीचं वेळापत्रक बघा, साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोरदार पाऊस एकत्र असलेला दिवस निवडा आणि त्या रस्त्यावर जाऊन उभे राहा. कामाच्या दिवशी सकाळी तिथून ऑफिसला जाऊन बघा. दिलेलं प्रत्येक आश्वासन करारनाम्यात लिहून मागा. ‘ऑफर आज रात्री संपतेय’ असं कोणी म्हणालं, तर टोकनचा चेक फाडू नका.