पळणे ही शिक्षा नव्हे



ठाण्याच्या वर्तकनगरात राहणारा मी एक सामान्य माणूस. सकाळी उपवन तलावाकडे फिरायला जातो, तेव्हा येऊरच्या डोंगरावरून छान गार वारा येत असतो. तलावाकाठी पन्नाशी-साठी उलटलेली मंडळी झपझप चालताना दिसतात. बहुतेकांना डॉक्टरांनी बजावलेले असते! तुमच्या वयाची मुले मात्र तेथे क्वचितच भेटतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात ते चालत आहेत आणि ज्यांचे वय पळण्याचे ते बसून आहेत, असा हा उलटा प्रकार आहे.

तुम्हाला पळणे आवडत नाही, याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. मी सातवीत असताना एकदा शाळेत उशिरा पोहोचलो. गुरुजींनी मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. ऊन रणरणत होते आणि सारा वर्ग खिडकीतून पाहत होता. तिसऱ्या फेरीत पोटात कळ आली. त्यानंतर कित्येक वर्षे ‘पळणे’ म्हटले की मला ते ऊन आणि ती खिडकी आठवे. आता मला सांगा, गृहपाठ न आणणाऱ्याला कोणी ‘शिक्षा म्हणून चित्र काढ’ किंवा ‘शिक्षा म्हणून गाणे म्हण’ असे सांगते का? मग पळण्यावरच हा राग का? शिक्षक वाचकांना माझी पहिली विनंती हीच आहे, की फेऱ्यांची शिक्षा बंद करावी.

वास्तविक माणसाचे शरीर लांब पळण्यासाठी फार उत्तम घडलेले आहे. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लीबरमन या दोन शास्त्रज्ञांनी २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात याविषयी एक प्रसिद्ध लेख लिहिला. तुमच्या टाचेच्या वर हात लावून पाहा. जाड दोरीसारखी कंडरा लागेल. पाऊल टेकताना ती ताणली जाते आणि पाऊल उचलताना स्प्रिंगप्रमाणे ती शक्ती परत देते. चिंपांझीमध्ये ही कंडरा अगदी आखूड असते. मानेच्या मागे, कवटीपासून खाली येणारा एक अस्थिबंध आपल्याला असतो. पळताना डोके पुढे हिंदकळू नये म्हणून तो उपयोगी पडतो. त्यातच अंगावर दाट केस नाहीत आणि घामाच्या ग्रंथी भरपूर, म्हणजे इंजिन थंड ठेवण्याची सोयही झालेली! हरिण आपल्यापेक्षा वेगाने पळेल, पण उन्हात मैलोगणती नेटाने पळत राहणे माणसाला जसे जमते तसे फार थोड्या प्राण्यांना जमते.

आता तुम्ही म्हणाल, ‘मग दोनशे मीटरमध्येच आम्हाला धाप का लागते?’ कारण शिट्टी वाजताच तुम्ही जीव खाऊन सुटता. स्नायूंना एकदम जितका प्राणवायू हवा असतो तितका हृदय आणि फुप्फुसे पुरवू शकत नाहीत. स्नायू मग प्राणवायूवाचून चालणाऱ्या मार्गाने शक्ती मिळवतात. पण तो मार्ग फार वेळ टिकत नाही. (जुन्या पुस्तकांत थकव्याचे सारे खापर लॅक्टिक आम्लावर फोडलेले आढळेल. आता तसे मानत नाहीत. हृदय व इतर स्नायू या प्रक्रियेतून निघालेला पदार्थ इंधन म्हणून वापरतात.) उपाय सोपा आहे. शेजारच्या मित्राशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. वाक्य तुटू लागले की वेग कमी करा, वाटल्यास चाला. असे रोज केले, की स्नायूंतील पेशींमध्ये शक्ती निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढतात आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते.

स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथील सेंट निनियन्स या प्राथमिक शाळेने २०१२ साली हेच केले. एलेन वायली या तेथील तेव्हाच्या मुख्याध्यापिका. मुलांनी रोज पंधरा मिनिटे वर्गाबाहेर पडायचे, अंगावरच्या कपड्यांतच पळायचे किंवा चालायचे. शर्यत नाही, क्रमांक नाही. त्या वेळात बहुतेकांचा सुमारे एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटर होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या उपक्रमातील मुलांची दमश्वास टिकवण्याची शक्ती वाढलेली आणि अंगातील चरबी घटलेली दिसली. अर्थात हा अभ्यास दोनच शाळांची तुलना करणारा होता, एवढे ध्यानात ठेवावे.

‘आमच्या शाळेला मैदानच कुठे आहे?’ हा वर्तकनगरसारख्या दाटीच्या वस्तीतला खरा प्रश्न आहे. पण समजा, ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अंगण आहे. त्याच्या कडेने एक फेरी म्हणजे १०० मीटर. सोळा फेऱ्यांत मैल झाला! कोपरे जवळजवळ येतात, म्हणून एक दिवस उजवीकडून आणि एक दिवस डावीकडून पळावे, म्हणजे एकाच पायावर ताण येत नाही. अंगणात शिक्षकांच्या मोटारसायकली उभ्या असतील तर त्या पंधरा मिनिटे बाहेर काढाव्यात. वेळ सकाळची हवी. आपल्याकडची हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीराला थंड करत नाही. दम्याचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून आणि आपले औषध जवळ ठेवून भाग घ्यावा.

पोर्शन पुरा करण्यासाठी पहिला बळी पी. टी.च्या तासाचा जातो, हे आपण सारे जाणतो. आणि नववी-दहावीच्या मुली तो तास असला तरी पायरीवर बसून काढतात. याचे मला अधिक वाईट वाटते. साताऱ्याकडच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावली आणि दहावी आली. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटरची वाट चालत-पळत तुडवी. सैन्यात गेल्यावर तो शर्यतींकडे वळला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. तुम्ही सर्वांनी पदके आणावीत, असे मी मुळीच म्हणत नाही. वर्गातला सर्वांत सावकाश पळणारा मुलगा दुसऱ्या दिवशी आपण होऊन अंगणात आला, तर माझ्या मते उपक्रम जमला.

तो जमतो आहे की नाही हे तुम्हीच मोजा. मनगटावर बोटे ठेवून १५ सेकंद नाडी मोजा आणि चाराने गुणा. पळण्यापूर्वी एकदा, थांबल्याबरोबर दुसऱ्यांदा आणि बरोबर एक मिनिटाने तिसऱ्यांदा. दुसऱ्या आकड्यातून तिसरा वजा करा. हा फरक सहा आठवडे वहीत लिहा. वाढत गेला तर हृदय लवकर सावरू लागले असे समजा. शेजाऱ्याच्या वहीत डोकावू नका, त्याचे हृदय वेगळे आहे. एक रकाना हवामानासाठी ठेवा. पावसाळ्यातल्या एखाद्या कोंदट दिवशी नाडी नेहमीपेक्षा जोरात धावली, तर कारण काय असावे हे त्या रकान्यातच सापडेल.