रात्रीचं चूर्ण, सकाळचं टेन्शन

'पिकू' आठवतोय ना? २०१५ चा. अमिताभचे भास्कर बॅनर्जी सिनेमाभर एकाच विषयावर बोलतात आणि आपण खो खो हसतो. मग घरी येऊन गुपचूप चूर्णाची डबी उघडतो! नांदेड असो की लातूर, मेडिकलवाल्याकडे हळू आवाजात मागायच्या ज्या दोन-तीन गोष्टी असतात, त्यातली ही एक. "पोट साफ व्हायचं काहीतरी द्या." काहीतरी म्हणजे नेमकं काय, हे आपण विचारत नाही, तोही सांगत नाही.

इसबगोल म्हणजे साधा भुसा. पाणी पिऊन फुगतो, मळ मऊ करतो, गुण यायला एक ते तीन दिवस लागतात. अट एकच, सोबत ग्लासभर पाणी हवं. दोन घोटांवर ढकलला तर घशात नाहीतर आतड्यात अडकू शकतो. लॅक्टुलोजचं गोड सिरप, पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, मिल्क ऑफ मॅग्नेशिया ही मंडळी आतड्यात पाणी धरून ठेवतात. (किडनीचा त्रास असेल तर शेवटचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.)

आणि मग आतड्याला थेट चिमटा काढणारे. बिसाकोडिलची गोळी आणि सोनामुखी. घरातल्या चूर्णाचं लेबल एकदा वाचाच, बऱ्याच चूर्णांत सोनामुखी सापडते. रात्री घेतलं की सकाळी काम फत्ते, म्हणून सगळ्यांचं लाडकं. पण त्यानं पोटात मुरडा येतो. डोस वाढवत नेला तर जुलाब होतात, अंगातलं पाणी आणि पोटॅशियम घसरतं. मग हातपाय गळतात, ठोकेसुद्धा चुकू शकतात. महिनोन्महिने सोनामुखी घेतली तर मोठ्या आतड्याचं अस्तर काळपट पडतं. ते बंद केल्यावर हळूहळू निवळतं, पण 'आयुर्वेदिक आहे, रोज चालतं' हे काही खरं नाही. बिसाकोडिलची गोळी दुधासोबत तर अजिबात नको. तिचं वरचं आवरण पोटातच विरघळतं आणि मळमळ, कळा सुरू.

लग्नाच्या आधी दोन किलो उतरवायला जुलाबाची गोळी घेणारेही आहेत, बरं का! या गोळ्यांचं काम मुख्यतः मोठ्या आतड्यात. जेवणातल्या कॅलरीज त्याआधीच, लहान आतड्यात शोषलेल्या असतात. काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी. दोन ग्लास प्यायलात की परत जागेवर.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं लातूर आपलंच. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी जपून वापरायची सवय अंगात मुरलेली असणं चांगलंच, पण ती भांड्याधुण्यात ठेवा, पिण्यात नको. आणि ऑफिसातल्या मुली पाणी कमी पितात त्याचं कारण दुष्काळ नसतो, तिथलं टॉयलेट असतं. दिवसभर पाणी टाळायचं, आलेला वेग दाबायचा, मग रात्री चूर्ण. चरकसंहितेत वेग दाबू नये यावर अख्खा अध्याय आहे. एचआरला मेल करायचा असेल तर खुशाल हाच मुद्दा घाला.

खाण्याचं उत्तर तर घरातच आहे. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, सालीसकट डाळी, पेरू. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम तंतू असतात. रूमवर राहून मैदा, बिस्किटं आणि चहावर दिवस काढणाऱ्यांना ते कुठून मिळणार? फक्त एकदम वाढवू नका, गॅस होतील. नाश्त्यानंतर आतडी आपोआप हलतात, तेव्हा दहा मिनिटं द्या, मोबाईल बाहेर ठेवून. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या, उकिडवं बसल्यासारखं होतं.

रोज एकदा झालंच पाहिजे असा काही कायदा नाही. आठवड्यातून तीनदा, विनात्रास, हेही नॉर्मल. मात्र रक्त पडत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, सवय अचानक बदलली असेल किंवा पोट फुगून उलट्या होत असतील तर मेडिकलच्या काउंटरवर थांबू नका, डॉक्टर गाठा. आणि जाताना चालू असलेल्या गोळ्या सोबत न्या. लोहाच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, काही अँटासिड, यांनीही पोट अडतं. तेव्हा नवीन औषध घ्यावं लागत नाही, जुनंच बदलावं लागतं.