थोडे तारेचे, थोडे लाकडाचे

आमच्या कन्येने गिटार हातात घेतली तेव्हा "सतार तरी घ्यायची!" असे मी कुरकुरलो होतो. पुढे मीच तिचा मुख्य परीक्षक झालो, आणि तिथेच फसलो.

गेल्या वर्षी कोजागिरीला पालघरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर तिचे वादन ठरले. तिच्या गिटारला दोन कान आहेत. पहिला, घोडीत बसवलेली पातळ पट्टी. तार थरथरली की तिच्यावर दाब पडतो आणि दाबातून वीज निघते. स्फटिकांचा हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. दुसरा कान म्हणजे गिटारच्या पोटातला इवलासा मायक्रोफोन.

पट्टीचा आवाज ठणठणीत, भरवशाचा. पण जरा पत्र्यासारखा. मायक्रोफोन लाकूड ऐकतो, हवा ऐकतो, बोट तारेवरून सरकल्याची सळसळही ऐकतो. मात्र तो समोरचा स्पीकरही ऐकतो! तो आवाज पुन्हा मायक्रोफोनात, तिथून पुन्हा स्पीकरात, अशी फेरी सुरू झाली की भोंगा वाजलाच म्हणून समजा. म्हणून खर्ज पट्टीकडून घ्यायचा, मायक्रोफोनचा खर्ज कापायचा आणि वरचा नाजूक भाग तेवढा त्याच्याकडून घ्यायचा. दोघे उलट चालले, म्हणजे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, तर आवाज पोकळ होतो. त्यासाठी एकाची दिशा फिरवणारा खटका असतो. जाड तार छेडावी. आवाज जिकडे भरतो तिकडे खटका ठेवावा.

हे सारे तिनेच मला शिकवले. मी मागच्या खुर्चीतून हुकूम सोडत होतो, "पट्टी पुरे. मायक्रोफोन वाढव. ती सळसळ ऐकू येत नाही." तिने वाढवला. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडे वाकडी करू लागल्या. "अजून!" मी म्हणालो. आणि असा भोंगा झाला की मुलांनी कान झाकले, सौ.च्या हातातले मसाला दूध सांडले.

कन्या उठून माझ्याजवळ आली. तारेवरून हळूच बोट सरकवून म्हणाली, "बाबा, ऐकू येते?"

मी नुसताच हसलो. ती हसली नाही.

दोन दिवसांनी तिनेच मला तपासणीला नेले. कागदावरची रेघ सेकंदाला ४००० कंपनांपाशी खड्ड्यात उतरली होती. डॉक्टरांनी विचारले, "कारखान्यात होता का?" होतो. रोज बोईसरला उतरून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे यंत्रमागांच्या खडखडाटात काढली. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. ती मला स्वच्छ ऐकू येते. सळसळ असते हजारांच्या घरात. ती मी केव्हाच मागांना देऊन बसलो. माझ्यापाशी पट्टी उरली, मायक्रोफोन गेला.

वाचकहो, हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते अशा जागी आपले काम असेल, तर कानांत नीट बसणारी बुचे घाला. कापसाने भागत नाही. आणि वेळेवर तपासून घ्या. असे गेलेले ऐकणे परत येत नाही.

यंदा गणपतीत तिने मागच्या खुर्चीवर शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाला बसवले. माझ्याकडे खर्ज तेवढा तपासायला दिला.

तो अगदी चोख होता.